अठ्ठाविसावा दिवस

घाटीगावच्या खाणीतला दगडचुरा
टेम्पोवाल्याशी घासाघीस करून आणला, चार गोण्या.
सिमेंट तीस टक्के कमी घालायचं,
म्हणजे कुठेतरी एक भट्टी
तेवढी कमी धुमसेल. आमचं गणित.

सत्तावीस दिवस ठोकळे पाण्यात.
रविवारीही कुशवाहकाका टाकीत डोकावून जायचे,
"सो रहे हैं तुम्हारे बच्चे," म्हणायचे.
बाहेर ग्वाल्हेरचा मे,
लॅबच्या पत्र्यावर हात ठेवून बघा.

आज पहिला ठोकळा यंत्राखाली.
काटा चढत गेला,
भदौरियानं श्वास धरला, मी पेन.
आत खोल कुठेतरी
अडकित्त्यात सुपारी फुटावी, तसं झालं.
सतरा.
हवे होते वीस.

"साडेएकोणीस लिही, कोण बघतंय,"
मागून कुणीतरी.
सर खिडकीबाहेर बघत राहिले, मुद्दाम.
मी सतरा लिहिलं.
सात जरा वाकडा आला.

संध्याकाळी काकांनी एक फुटका तुकडा
वॉटरकूलरच्या आखूड पायाखाली सरकवला.
कूलर डुगडुगायचा थांबला, बऱ्याच वर्षांनी.
"हे कुठल्या रकान्यात लिहायचं?" भदौरिया विचारतेय.

चुरा अजून दीड गोणी शिल्लक आहे.
उद्या वीस टक्के घालून बघू.