अकरा आणि एक

डाव्या डोळ्याच्या मधोमध हल्ली एक डाग असतो,
फिल्मवर फिक्सरचा थेंब पडला की दिसायचा तसा.
डॉक्टर म्हणाले, वाढेल. हळू वाढेल.
छत्तीस वर्षं मी लोकांची हाडं उजेडासमोर धरली,
'हळू' म्हणजे किती
ते मला सांगायला नको.

घरी आले आणि गॅलरीतली ऑर्किडं मोजली.
चौसष्ट.
कुंडीतली, तारेवर टांगलेली,
भोपळ्याच्या तुकड्यांवर सुतळीनं बांधलेली.
ते तुकडे शफीकच्या कारखान्यातले.
तडा गेलेला भोपळा तो माझ्यासाठी बाजूला ठेवतो:
"बाई, यातून तंबोरा न्हाई निघायचा.
तुमचं फूल निघतंय का बघा."

मिरजेचं बोअरचं पाणी यांना विष.
म्हणून पावसाळ्यात पिंपं भरायची
आणि मे संपेपर्यंत पुरवून पुरवून वापरायची.
रोज चोवीस तांबे, दीड तास, गुडघे वेगळे.
निम्मी झाडं तर नुसती भिडेखातर जगत होती,
माझ्या, किंवा मी त्यांच्या.

ठरवलं, रंगासाठी आता काही ठेवायचं नाही.
जे वासानं हाक मारेल तेवढंच.

म्हणायला सोपं.
बावीस फॅलेनॉप्सिस, पुण्याहून एसटीत मांडीवर आणलेली.
महिना महिना फुलं टिकतात,
आणि नाक लावलं तर धुतलेला स्टीलचा डबा.
ती सगळी सुप्रिया ऐनापुरेला,
माझ्या जागेवर आता तीच बसते.
भावाचा टेम्पो घेऊन आली, खाली उसाचं पाचट अंथरलेलं.
एकेकाचं नाव विचारून मोबाईलमध्ये लिहीत होती.
सातव्याचं मला आठवेना.
पाटी पुसलीय म्हणाले.
पाटी पुसली नव्हती.

निळा वांडा गेला तेव्हा
मी आत जाऊन निवडलेलीच डाळ पुन्हा निवडत बसले.
दोन वेळा पाणी, वर ऊन नको, वारा हवा,
जावयाचा थाट.
तरी.

राहिलेल्यांत सीतेची वेणी,
चांदोलीकडच्या रस्त्यात वादळानं पाडलेल्या फांदीवरची.
तपकिरी ऑन्सिडियम, पुस्तकात म्हणतात त्याला चॉकलेटचा वास,
मला भाजलेल्या तिळाचा येतो.
आणि ब्रासावोला, दिवसभर मुकी.
असं करत अकरा झाली. वहीत खाली रेघ मारली.

तर हे पेपर बाजूला ठेवून म्हणाले,
"ती कोपऱ्यातली देऊ नकोस."
चाळीस वर्षांत यांनी एका पानाला हात लावलेला नाही.
कोपऱ्यातलं डेंड्रोबियम. नऊ वर्षं नुसते दांडे.
म्हटलं, वासाचीच ठेवायची ठरलीत.
"फूलच आलं नाही अजून तिला.
वास नाही हे तुला कसं कळलं?"

मी बराच वेळ उत्तर शोधलं.
मग रेघेच्या खाली तिचं नाव लिहिलं.

रात्री नऊनंतर गॅलरीतला दिवा लावत नाही.
अंधार माझ्या हातांना पाठ आहे,
डार्करूममध्ये फिल्म ट्रेमधून ट्रेमध्ये जायची
आणि किती झालं ते बोटांना कळायचं.
ब्रासावोला आत्ता बोलायला लागते:
लिंबाची साल नखानं सोलावी तसा आधी,
मग दाट.
कुठल्या फुलातून येतोय ते मी बघत नाही.
भिंतीवर बावन्न खिळे मोकळे आहेत,
परवा त्यातल्या एकाला पदर अडकला.

हात मात्र ऐकत नाही.
सकाळी सवयीनं चोवीस तांबे भरतो.
पाच लागतात.
उरलेलं पावसाचं पाणी खालच्या कढीपत्त्याला.
तो सध्या माजलाय.
शेजारच्या मगदूमवहिनी
रोज जिन्यात गाठून विचारतात,
खत कुठलं घालता?