तारीख

हर्णै बंदर, मच्छीमार सोसायटीची खोली.
राऊटर दोनदा बंद-चालू केला,
केबलचं टोक शर्टाला पुसलं,
खारं वारं तांब्यालासुद्धा सोडत नाही.
वायफायच्या कमानी भरलेल्या,
पान मात्र एकही उघडेना.
बशीरभाई डिझेलच्या पावत्या घेऊन
दारातच उकिडवे.
"भरती पुरी, नि होडी हलत नाय," म्हणाले.

मग खाली कोपऱ्यात नजर गेली:
१ जानेवारी २०१५.
आतला बटणाएवढा सेल मेलेला,
लॅपटॉप तिथंच जाऊन बसलेला.
त्या तारखेला 'नूर-ए-दर्या' अजून
धक्क्याला होती, नवा निळा रंग ओला,
आणि नाळेवर विडी ओढत
तांडेल, त्यांचा धाकटा भाऊ.

मी बाणावर बोट ठेवलं.
सोळा. सतरा.
बशीरभाई मागे येऊन उभे राहिले.
"सावकाश," म्हणाले.