नववा ठोका

दोन तारा, एवढाच संसार.
एकीवर घड्याळ, दुसरीवर बोलणं.
कुणी बोलत नसेल तेव्हा दोन्ही आपोआप वर,
एका एवढ्याशा रोधकाच्या भरवशावर.
वर ढकलायचं काम इथे कुणालाच नाही;
ज्याला काही म्हणायचं त्याने तार खाली ओढायची.
आठ ठोके शब्दाचे.
नवव्याला समोरच्याने ओढली
की समजायचं: हौ, पोचलं.

या बसचा ड्रायव्हर मी सांभाळते.
(घरी अजून वाटतं, एसटीत काहीतरी आहे.)
लिहिला पुंडलिक निखारेंनी,
हिंगणा एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडखाली,
कूलरच्या वाळ्याचा वास डेटाशीटला लागायचा तेव्हा.
माझ्याकडे आला तो अकरा वर्षांचा होऊन,
चार प्रोसेसर पाहिलेला,
प्रत्येकाच्या नावाचं एकेक ठिगळ अंगावर.
ओळ चारशे बारा: वीस मायक्रोसेकंद थांब.
शेजारी टीप:
हे काढू नये. कारण माहीत नाही.

मला अशा टिपांचा राग येतो.
जानेवारीत काढून टाकली.
बाहेर धुकं, टेबलावर बोर्ड,
दहा लाख वेळा विचारलं,
दहा लाख वेळा हौ.
त्या दिवशी मीच मला चहा पाजला.

अठरा मे, दुपारचे तीन.
कळमन्याहून सुखदेव उईकेचा फोन:
"मॅडम, स्क्रीन सहा म्हणून राहिली,
पण माझा हात काही सहा म्हणत नाही."
उईके शीतगृहाचा रखवालदार.
संत्र्यांच्या क्रेटवर तळवा टेकून फिरतो दिवसातून दोनदा.
हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा,
स्कूटरवर पायांमध्ये ऑसिलोस्कोप.
सिग्नलवरच्या हिरव्या जाळीखाली
अनोळखी माणसं लाल दिव्याला दुवा देत उभी.

पेटी पश्चिमेच्या भिंतीवर, पोळेल इतकी तापलेली.
तापमापकाची नळी आत गारव्यात,
तिचं म्हणणं आकड्यात आणणारी चिप बाहेर उन्हात.
स्कोप लावला.
डेटाची तार तळाशी पडलेली.
चिपच्या तोंडात एक शून्य अडकलेलं,
धड गिळेना, धड सांगेना,
आणि माझा ड्रायव्हर दाराबाहेर,
सभ्य पाहुण्यासारखा उभा:
बस मोकळी झाली की बोलू.
बारा वाजून सात मिनिटांपासून.

यावर जुना उपाय आहे.
काही विचारायचं नाही, काही सांगायचं नाही,
नुसते घड्याळाचे ठोके द्यायचे, नऊपर्यंत.
सातव्याला तार उठली.
स्क्रीन सहावरून थेट अकरावर गेली.
कॉम्प्रेसर खोकला, मग लागला.
उईके माझ्याकडे पाहत नव्हता,
क्रेटकडे पाहत होता.

रात्री निखारेंना फोन केला.
काटोलजवळ रोपवाटिका आहे त्यांची आता.
"ती चारशे बारावी ओळ, कोणत्या महिन्यात लिहिली हो?"
तिकडे पंप चालू होता. तो बंद केल्याचं ऐकू आलं.
"साळ्याचं लग्न होतं. मेच असंल. काहून?"
सांगितलं.
"म्हणजे कारण होतं तर!" म्हणाले,
आणि इतके हसले
की मलाच माझ्या जानेवारीची लाज वाटली.

ओळ परत ठेवली, खाली नऊ ठोके वेगळे जोडले.
टीप नव्याने लिहिली:
हे काढू नये. चिप तापली की
पुढच्या हाकेआधी तिला एवढा वेळ लागतो.
कळमना, पेटी अडुसष्ट अंश.
का लागतो, ते अजून माहीत नाही.

सकाळी उईकेला म्हटलं,
आता हात लावून बघायची गरज नाही.
"हौ," म्हणाला,
आणि पुढच्या क्रेटवर हात ठेवला.