निर्लेखन

जुनं वसतिगृह पाडायचा ठराव मार्चात झाला,
सोलापूरचं ऊन तेव्हा पत्र्याला बोट लावू देत नाही.
मी विद्यापीठाच्या इस्टेट विभागातला भांडारपाल.
माझ्या जडवस्तू नोंदवहीत शेवटचा रकाना एकच:
निर्लेखित.
तिथं सही पडली की वस्तू मेली,
मग भंगारवाल्याकडे ती वीस वर्षं का जगेना.

ठेकेदार म्हणाला, जेसीबी लावतो,
तीन दिवसांत मैदान.
मल्लय्या चिट्याल, आमचा शिपाई,
गिरणी बंद पडायच्या आधी बारा वर्षं मागावर होता,
तंबाखू मळत खांबाशी बोलावं तसं बोलला:
“वीण चुकली तर आम्ही चादर फाडत नव्हतो, साहेब.
उसवायचो.
सूत तेच.”

मग बसलो उसवायला.
सागाच्या चौकटी निघाल्या बत्तीस.
ज्यानं खिळे न ठोकता स्क्रू पिळले होते
त्या अनोळखी सुताराला मल्लय्यानं तेलुगूत आशीर्वाद दिला.
शहाबादी फरशी उलटी केली,
तर वर पोरांच्या चपलांचे खळगे
आणि खाली कालच खाणीतून आल्यासारखी.
विटांचं मात्र दोन तऱ्हांचं.
चुन्यातल्या अलगद हातात आल्या,
सिमेंटमधल्यांचा चुराच झाला.
“एवढं गच्च कशाला धरावं म्हणते मी,”
चंद्रव्वा विटा रचता रचता.

पैसे वाचले का?
थोडे. मजुरी वाढली, अडीच महिने गेले,
नऊ काचा माझ्याच हातून फुटल्या.
तेही लिहून ठेवलंय.

ऑडिटच्या बाईंनी वही उघडली.
पट्टी धरून, लाल शाईनं
मी एक रकाना वाढवला होता: कुठे गेली.
“नियमात आहे हे?”
नाही.
पंखा कुरकुरत होता. बाई वाचत राहिल्या,
सायकल स्टँडखालच्या फरशा, कँटीनच्या माळ्याच्या तुळया,
न्हाणीचं पाणी वळवलेले सात कडुनिंब.
“आणि खोली चौदाचं दार?”

ते ग्रंथालयात, बाई.
आकडा तसाच आहे, मी खरवडू दिला नाही.
आतून कुणीतरी कर्कटकानं कोरलंय:
‘पाचला उठव. पेपर आहे.’
कुणी, कुणाला, कुठला पेपर,
वहीत सापडत नाही.

परवा पहाटे एक पोरगी
खरंच पाचला येऊन उभी राहिली,
वॉचमनशी हुज्जत घालत.
ग्रंथालय आठला उघडतं.