अकराव्या मिनिटाला

पहिली दहा मिनिटं मी कुणीही असते.
समुद्राच्या बांधावरून धावणारी एक बाई.
डावीकडे मेंढ्या, उजवीकडे ओहोटीचा राखाडी चिखल,
समोरून फ्रिसियाचा नेहमीचा वारा.
अकराव्या मिनिटाला
नडगीच्या बाहेरच्या अंगाला कुणीतरी
ओल्या दोरीचा फास आवळायला घेतं.
चौदाव्याला पाऊल माझं राहत नाही,
सैल चपलेसारखं डांबरावर फटफट आपटतं.
मी थांबते. मेंढ्या बघतात.
वीस मिनिटांनी पाय असा साळसूद
की मला माझीच शंका यावी.

डॉक्टरांकडे जातो तो हा साळसूद पाय.
डॉ. हूकस्ट्रा अंगठा रुतवतात. इथे?
नाही.
इथे?
नाही.
चोर गेल्यावर पंचनामा,
तोही चार वर्षं.
एक्स-रे साफ. हाडांचा स्कॅन साफ.
पाठीचा एमआरआय काढणारी मुलगी म्हणाली,
किती सुंदर मणके आहेत तुमचे,
आणि मला गाडीत बसून रडू आलं.
बुटात घालायच्या तळव्यांच्या तीन जोड्या,
मॅग्नेशियम, बर्फ,
आणि एक तज्ज्ञ, घड्याळाकडे बघत:
सायकल चालवा की.

कळ, चमक, ठणका, रग, पेटका,
योग्य शब्दापुढे खूण करा.
मी समासात लिहिलं: आत जागा नाही.

लेवार्डनला, तळघरात,
बाउक्ये नावाची बुटकी डॉक्टर
फाइल न उघडताच म्हणाली,
दुखतो तेव्हाचा पाय कुणी पाहिलाय?
कुणीच नाही.
मग धावा.

पट्ट्यावर धावले. समोर भिंत, भिंतीवर अग्निशामक नळकांडं.
अकरा. बारा. तेराव्याला म्हटलं, आला.
पाहुणा आल्यासारखं म्हटलं.
तिने पोटरीत सुई घातली, पडद्यावर आकडा चढला,
सत्तावन्न.
वीसच्या आत हवा होता, ती म्हणाली, हळू.
स्नायू फुगतो, भोवतीचं आवरण हलत नाही,
रक्त दाराशी ताटकळतं.

हे मला कळतं. मी कालव्यावरचा पूल उघडते.
काठीच्या दोरीला लाकडी बूट बांधून
नावाड्यांपुढे झुलवते, ते त्यात नाणी टाकतात.
एकदा मोटार जळली, पूल उठेना,
आणि वळणापर्यंत शिडंच शिडं,
शिव्या, कुत्री, कुणाचं तरी उतू गेलेलं दूध.

ती लिहीत होती, तेवढ्यात फास सैल होऊ लागला.
आयुष्यात पहिल्यांदा मी दुखण्याला म्हटलं,
थांब जरा,
तिचं लिहून होऊ दे.

स्टेशनवरून बहिणीला फोन केला,
ते लांबलचक नाव दोनदा सांगितलं.
बरं होणार?
ठाऊक नाही. कापावं लागेल कदाचित.
मग एवढी हसतेस काय, फ्रौक्ये म्हणाली.

पुलावर पोचले तेव्हा
तीन बोटी थांबल्या होत्या.