दुसरा वायपर

ताडपत्री ओढली तशा कोंबड्या बाजूला झाल्या.
दोन गॉगोमोबिल, एक छप्पन्नची, एक पासष्टची,
कोठारात अशा टेकून उभ्या
जशा चर्चमधून लवकर बाहेर पडलेल्या दोन बहिणी.

पासाउहून आलेल्या गिऱ्हाइकानं वही काढली.
"फरक काय म्हणालात?"

कोर्बिनियान मामा घसा साफ करून लागला सांगायला.
इंजिन दोन्हींचं मागं, अडीचशे सीसी,
पेट्रोलात तेल मिसळायचं, विसरलात तर ते रुसतं.
त्याहून मोठी मला चालत नाही.
माझा परवाना चौथ्या वर्गाचा,
मोठ्या गाडीला परीक्षा द्यावी लागते
आणि परीक्षा म्हटलं की माझ्या पोटात अजून गोळा येतो.

हिची काच सरकते. तिची हँडल फिरवून उतरते.
हिच्या दाराची बिजागरी मागं,
उघडं राहिलं की वारा आत शिरतो.
एकदा लांड्सहुटच्या अलीकडे
माझी टोपी, आणि पाद्र्याला द्यायची अंडी...
तिचं दार चारचौघींसारखं.

"वायपर सांग की," क्रेसेन्स मामी म्हणाली.
ती उंबऱ्यावर अक्रोड फोडत होती,
वर बघितलं नाही.

"पहिलीला एकच. याच्यापुढं.
नऊ वर्षं पाऊस लागला की रस्ता याचा,
माझ्या वाट्याला नुसतं पाणी.
चाकांचा आवाज पोकळ झाला की समजायचं,
पूल आला, खाली इसार आहे.
बाकी वेळ मी याचा कान बघायची.
कानामागं तीळ आहे, त्याला स्वतःला माहीत नाही.
हा म्हणायचा, ट्रॅक्टर आहे पुढं.
मी म्हणायची, असेल.

मग पासष्टची आली, दोन वायपरांची.
पहिल्याच पावसात दिसलं
हा माणूस वळणावर काय करतो ते.
तेव्हापासून गाडी आम्ही दोघं चालवतो."

मामा काही बोलला नाही.
बोटानं कानामागं चाचपत राहिला.

गिऱ्हाइकानं 'वायपर' लिहिलं, खाली रेघ मारली,
आणि विचारलं, विकायची कुठली?

दोघांनी एकदम हात वर केले.
बोटं मात्र एकाच गाडीकडे नव्हती.

मी भाचा. माझं काम ताडपत्री घालायचं.
पासाउची शेवटची गाडी सहा वाजता सुटते, एवढं त्याला सांगितलं,
आणि दोन्हींवर घातली.