आगार, आगर

बावीस वर्षं रात्रवस्तीच्या गाडीवर काढली.
घरचं आगर शालनच्या ताब्यात,
मला माहीत फक्त गुहागर आगार.
मार्चात गाड्या ओळीने उभ्या राहिल्या.
साहेब म्हणाले, कळवतो.
अजून कळवतायत.

घरी आलो तर ही माळ्यावरून डबे उतरवत होती.
"मोजा," म्हणाली, "तुम्हाला सवय आहे."
मोजलं.
तांदूळ कणगीत, हात घातला तर कोपरापर्यंत.
कुळीथ दोन पायली.
आमसुलं एक बरणी.
सुकट अर्धा डबा, झाकण मांजराने ढकललेलं.
आठळ्या अजून फणसातच, फणस अजून झाडावर.
कांद्याच्या वेण्या तीन, चौथीचे केस गळलेले.
माणसं तीन. विशाखाला सातवा लागलेला,
म्हणजे साडेतीन धरा.

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर लिहिलेलं : पालेभाजी, रोज.
शृंगारतळीचा बाजार बंद.
चिठ्ठी फ्रिजवर चिकटवली,
फ्रिजमध्ये एक लिंबू.

गडग्यापलीकडून जैतूनबी मुकादमांनी
बियांच्या पुरचुंड्या टाकल्या,
मास्कमधून काय बोलल्या ते कळलं नाही,
बोटांनी दाखवलं : इतकं खोल, जास्त नाही.
माझी जुनी पत्र्याची तिकीटपेटी होती,
मशीन आल्यापासून खिळे ठेवायला.
खिळे काढले.
एक रुपयाच्या कप्प्यात लाल माठ, राखेएवढा बारीक,
पाचच्यात चवळी,
दहाच्यात तवसं.
पन्नास पैशाचा कप्पा रिकामाच ठेवला.
तो तसाही कुणी मागत नसे.

फावड्याने दुसऱ्या दिवशीच हाताला फोड.
पोफळींकडे जाणारा पाट अडवून
एक बोट पाणी वाफ्यात घेतलं.
आठवड्यात माठ उगवला, नुसता कचाकच.
शालन कमरेवर हात ठेवून बघत राहिली.
"वाफा आहे हो हा, सुटीतली गाडी नव्हे.
निम्मे उतरवा."
उतरवले. पहिल्यांदाच कुणी शिवी दिली नाही.
त्या कोवळ्या रोपांचीच भाजी झाली, मूठभर,
विशाखाच्या ताटात भात गुलाबी.

मग कुसुम पालशेतकर किनाऱ्यावरून आली,
टोपलीत मांदेली, बर्फ नाही,
घेणारी हॉटेलं नाहीत.
दारापासून लांब टोपली ठेवली.
मी माठाच्या दोन जुड्या ठेवल्या,
तिने वाटा ठेवला, वर चार जास्तीची.
सगळा जन्म मी ओरडत आलो : सुट्टे द्या, सुट्टे द्या.

पगार आला अर्धा. आला हेच खूप.
शालनने त्यातून मीठ घेतलं, काडेपेट्या, खोबरेल नको म्हणाली,
आणि जिपवाल्या नंदू भुवडला आगाऊ पैसे देऊन ठेवले,
रात्री कधीही उठवलं तर गाडी काढायची म्हणून.
हे माझ्या यादीत नव्हतं.

तवसं बोटभर झालं तशी वांदरं उतरली.
रस्त्याला हॉर्न नाही, त्यांना भय कसलं.
पत्रे वाजवले, फटाके शोधले.
शेवटी खुंटीवरचा पंच काढला, ड्रॉवरातली शिटी काढली,
वाफ्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलो.
टिक टिक. टिक टिक.
कडक नजर, तीच, विनातिकीटवाल्यांसाठीची.
टोळी थबकली. मोठा हुप्प्या फणसावर गेला,
मागोमाग बाकीचे.

एक मादी राहिली.
पोटाला पिल्लू, इतकं लहान की कानच दिसत होते.
तिने माझ्याकडे बघत तवसं तोडलं.
मी शिटी तोंडाशी नेली.
मागे पडवीत विशाखा भिंतीला धरून उभी,
हिला आज उभं राहवत नाही, तरी उभी.

शिटी खिशात ठेवली.

"गेली का सगळी?" शालन आतून.
म्हटलं, एक बाई आहेत, लेकुरवाळ्या.
उतरतील पुढच्या थांब्याला.